कलम सहाखालची रिकामी जागा

सुहास,

आज सकाळी सात वाजता तुझी मेल आली. ‘ज्योती, कलम सहा तुझी वाट पाहत आहे. उरलेले दिवस: शून्य. संध्याकाळी सहा वाजता बदल मागे घेतला जाईल.’ तू जाऊन आज चौदा दिवस झाले आणि या चौदा दिवसांत तुझ्या चौदा मेल आल्या. जिवंतपणी माझ्या साध्या निरोपाला दोन-दोन दिवस उत्तर न देणारा माणूस गेल्यावर इतका नियमित होईल असं मला वाटलं नव्हतं.

या मेल तू पाठवत नाहीस हे मला कळतं. डोंबिवलीला तुझ्या हॉलमधल्या शोकेसवर तुझा तो जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे आणि त्यावर तू लिहून ठेवलेला दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम रोज सकाळी माझ्या नावाने शंख करतो. परवा तेराव्याला आलेले तेव्हा शुभदाने मला बाजूला घेऊन विचारलं, “बंद करू का गं तो? त्याचं सारखं काहीतरी चालू असायचं त्यावर, म्हणून मी हात नाही लावला. फडकंसुद्धा कडेकडेने मारते.” मी म्हटलं, राहू दे.

तेराव्याला तुझा मेव्हणा माझ्या शेजारी बसलेला. जेवताना त्याने विचारलं, “तुम्ही आणि सुहास दर शनिवारी नेमकं काय करायचात?” मी सांगितलं, कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा बनवत होतो. तो म्हणाला, “का? आधीच्या कमी पडतात का?” मी म्हटलं, हे मी त्याला सतरा वर्षं विचारतेय. तो हसला, त्याला वाटलं मी गंमत करतेय.

गंमत नव्हती. ही भाषा काढायची खोड तुझी. आपण दोघं कोलशेतच्या त्या कंपनीत सामान भरणाऱ्या, झाकणं लावणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायचो. तुझं म्हणणं असं की लहान कारखानदाराला स्वतःच्या यंत्राला काम स्वतः सांगता आलं पाहिजे, आणि त्या भाषेचे नियम मराठीत लिहिलेले असले पाहिजेत. नाव शुभदाने दिलं. ती गॅसवरून दुधाचं पातेलं उतरवत होती, तू तिच्यामागे नाव दे, नाव दे करत उभा होतास, आणि ती चिडून म्हणाली, “आधी ती सांडशी दे.” तू लगेच वहीत लिहिलंस, सांडशी. मी म्हटलं, अरे, असं नाव असतं का. तू म्हणालास, गरम गोष्ट नीट धरायला याहून चांगलं काय आहे सांग. आपल्या सतरा वर्षांत मी निरुत्तर झाल्याचे जे चार-पाच प्रसंग आहेत त्यातला तो पहिला.

आराखडाही तुझाच हट्ट. भाषेचा प्रत्येक नियम एका कलमात लिहायचा, प्रत्येक बदलाखाली कारण लिहायचं, आणि त्याखाली दुसऱ्याने ‘पाहिलं’ असं लिहून नाव टाकायचं. ही पद्धत तू कंपनीतून उचललेलीस. तिथे यंत्राच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘पाहिलं’ असायचं आणि त्यासमोर दुसऱ्या माणसाची सही असल्याशिवाय ड्रॉइंग खाली शॉपमध्ये, यंत्रं बनतात तिथे, जायचं नाही. तू त्यात भर घातलीस: एकवीस दिवसांत ‘पाहिलं’ आलं नाही तर बदल आपोआप रद्द. एका अक्षराची दुरुस्ती केली तरी तो नवीन बदल, त्याला नवीन ‘पाहिलं’. आपण माणसं दोन. दोन माणसांच्या भाषेला एवढा सरकारी कारभार कशाला, हे मी तेव्हाही म्हटलेलं.

आणि मग कलम सहा. बाकीची सगळी कलमं एका बाजूला आणि हे एकटं एका बाजूला. लोकांना मी ते नेहमी डब्याच्या उदाहरणाने सांगते, कारण आपलं पहिलं भांडण डबा खातानाच झालं. माझ्या डब्यात चार पोळ्या आहेत. मी तुला म्हटलं, ‘हे शेजारच्याला दे.’ आता शेजाऱ्याच्या हातात बंद डबा द्यायचा, की डबा उघडून चार पोळ्या सुट्या वाढायच्या? सांडशीत हाच प्रश्न यादीचा. एखाद्या कामाला यादी दिली की ती बंद यादी म्हणूनच पोचवायची, की भाषेने मधल्यामध्ये ती उघडून आतल्या वस्तू एकेक करून हातात ठेवायच्या? माझं म्हणणं, यादी बंदच राहील. उघडायची असेल तर लिहिणाऱ्याने तिच्यापुढे तारा, म्हणजे चांदणीची खूण, काढावा, तशी खूण केल्याशिवाय भाषेने हात लावायचा नाही. तुझं म्हणणं, खूणबिण काही नको, भाषेने समजून घेऊन आपणहून उघडावी.

खोपटला एसटी डेपोसमोरच्या त्या हॉटेलात, माझ्या घरापासून पाच मिनिटांवर, आपण या एका मुद्द्यावर किती शनिवार घालवले ते तिथल्या मालकाला विचार. मुद्दा जवळ आला की तू चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागायचास. मग हळूहळू, एकेक शब्द ठेवत म्हणायचास, “अगं, तुझं म्हणणं मला समजतंय.” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. समजतंय म्हणणारा माणूस पुढे हमखास उलटंच बोलतो.

“भाषा नम्र असावी, ज्योती,” तू म्हणायचास. “माणसाने डबा पुढे केला की तिने ओळखावं, त्याला जेवायला वाढायचंय.”

“आणि त्याला डबा घरी पाठवायचा असेल तर?”

“असं कितीदा होतं?”

“एकदा झालं तरी पोळ्या परत डब्यात कोण भरणार? तू भरणार?”

तेवढ्यात मालक येऊन म्हणाला, “पोळी नाय मॅडम आपल्याकडे. पाव आणू का?” तू गंभीरपणे पाव मागवलेस आणि पुन्हा चष्मा पुसायला लागलास.

कलम सहा पहिल्यांदा मी लिहिलं, माझ्या पद्धतीने, ताऱ्यासकट. तू दीड तास कडाडून विरोध केलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली ‘पाहिलं, सुहास’ असं लिहिलंस. मला वाटलं, हरला. मग तू ते बदलून तुझ्या पद्धतीचं केलंस. मी ‘पाहिलं’ लिहिलं नाही, एकवीस दिवस गेले, बदल रद्द. तू परत मांडलंस, परत रद्द. तिसऱ्यांदा मांडलंस तेव्हा मी कंटाळून लिहिलं. तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं सांडशी तुझ्या पद्धतीने चालली, दिसेल ती यादी आपणहून उघडत.

मग म्हात्रेचा फोन आला. कोलशेतला खाडीच्या अंगाला त्याचं खोकी आणि लेबलं बनवायचं छोटं युनिट आहे, आणि सांडशी मनापासून वापरणाऱ्या मोजक्या माणसांत तो एक. फोनवर एवढंच म्हणाला, “मॅडम, तुमची सांडशी मना फसवते. या न् बघा.” आपण दोघं गेलेलो. त्याला बारा वस्तूंच्या खोक्यावर एकच लेबल हवं होतं, बाराही नावांची यादी असलेलं. सांडशीने यादी उघडून बारा लेबलं काढली, एकेकावर एकेक नाव, आणि यंत्राने ती बाराच्या बारा प्रत्येक खोक्यावर चिकटवली. म्हात्रे तुला यंत्रासमोर उभं करून म्हणाला, “साहेब, मी बोललो ही यादी लाव. मी तिला बोललो का फोड म्हनून? खोका येक न् कागूद बारा.”

तू बाह्या दुमडल्यास आणि दीड तास खाली बसून खोक्यांवरची लेबलं सोलत राहिलास. म्हात्रे नको नको म्हणत होता. मी तिथेच उभी राहून तुला सांगितलं की हे मी आधीपासून म्हणत होते. तेव्हा ते बोलायची काही गरज नव्हती.

त्यानंतर माझ्याकडूनही एक शहाणपणा झाला. विठ्ठलवाडीला मी लहानाची मोठी झाले त्या वस्तीतल्या विहारात मी शनिवारी सकाळी बायकांना कॉम्प्युटर शिकवते, तुला माहीतच आहे, कारण खोपटला दुपारी पोचायला मला उशीर झाला की तू घड्याळ दाखवायचास. म्हात्रेचं पाहून माझी छाती फुगलेली. माझ्या जुन्या पद्धतीची, तारा लागणारी सांडशी मी विहारात घेऊन गेले, म्हटलं नवख्या बायका चालवतील आणि सुहासच्या तोंडावर पुरावा टाकीन. नऊपैकी सात जणी अडकल्या. सगळ्या तारा विसरल्या. सोनाली म्हणून एक आहे, दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर असते, ती हात जोडल्यासारखे करून म्हणाली, “मॅडम, मी यादी दिली ना तिला. आता उघडून बघ हे पण मीच सांगायचं? घरी पण तेच. भाजी मी आणायची, निवडायची पण मी. हितं तरी सुट्टी द्या.”

बाकीच्या हसल्या. मी पण हसले, पण घरी येईपर्यंत माझी सगळी तत्त्वं ढिली झालेली. कॉम्प्युटरला आपण एवढं सांगतो, थोडं त्यानेही समजून घ्यायला काय हरकत आहे? हे तर तुझंच वाक्य. गणपतीच्या सुट्टीत बसून मी कलम सहा पुन्हा लिहिलं, तुझी पद्धत तशीच ठेवून तुझ्यापेक्षा नीट समजावून, आणि खाली कारण लिहिलं, ‘सोनालीसाठी’. पाठवलं तर आराखडा ठेवलेलं तुझं ते शोकेसवरचं मशीन म्हणतं, याच जागी दुसऱ्या माणसानेही आत्ताच बदल केलाय. उघडून बघते तर तू. तू माझी पद्धत लिहिलेलीस, ताऱ्यासकट, कारण ‘म्हात्रेंसाठी’. दोन्ही बदल एकमेकांवर आपटून बाद झाले.

दुसरी कुठलीही दोन माणसं असती तर त्यांनी हसून चहा घेतला असता. आपण आठ महिने भांडलो, फक्त बाजू बदलून. माझेच जुने मुद्दे तू मला ऐकवायचास, तेही माझ्यापेक्षा मुद्देसूद. मी तुझं “भाषा नम्र असावी” तुलाच ऐकवायचे आणि तू म्हणायचास, “नम्र म्हणजे लुडबुडी नव्हे.” तू पुन्हा दोनदा बदल मांडलास आणि मी दोन्ही वेळा एकवीस दिवस गप्प बसले. तुझ्या घरी एकदा हे चाललेलं असताना शुभदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुम्ही आधी ठरवा कुणी कुठल्या बाजूला उभं राहायचं, मग मी चहा टाकते.” चहा त्या दिवशी बराच उशिरा मिळाला.

मग तुला न्यूमोनिया झाला. साधा आहे, चार दिवस ठेवतील, असं तूच फोनवर म्हणालास. आणि हॉस्पिटलच्या पलंगावर पोटावर लॅपटॉप ठेवून तू कलम सहा तिसऱ्यांदा बदललंस. तुझं आजवरचं सगळ्यात स्वच्छ लिखाण. यादी बंद राहील, उघडायची तर तारा लागेल. आणि कुणी तारा विसरलं तर भाषा नुसती चूक म्हणून अडणार नाही, ती विचारेल, ‘ही यादी उघडून हवी आहे का?’ इतकं साधं. म्हात्रेचं खोकंही सुटलं आणि सोनालीला सुट्टीही मिळाली. इतकी वर्षं आपण दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं की भाषेने विचारावं. मी वाचून खुर्चीत मागे टेकले. आणि मग खाली कारणाच्या रकान्यात तू काय लिहिलंयस ते वाचलं. ‘ज्योतीचं म्हणणं पहिल्यापासून बरोबर होतं.’

दुसऱ्या दिवशी मी तणतणत डोंबिवलीला आले. तू उशीला टेकून बसलेला, नाकाला नळी.

“पाहिलंस?” तू विचारलंस.

“वाचलं.”

“मग लिही की खाली.”

“ती शेवटची ओळ काढ.”

“का गं?”

“खोटी आहे.”

“मला ती खरी वाटते.”

“तुला काय वाटतं ते आराखड्यात कशाला? कारणाच्या जागी कारण लिहायचं असतं, प्रशस्तिपत्रक नाही. ओळ काढ, मी इथल्या इथे लिहिते.”

तुला हसू आलं, हसताना ढास लागली आणि सिस्टर मला ओरडली. मी तुझ्या पाठीवर हात फिरवत म्हटलं, “बरा होऊन घरी ये, मग भांडू. एकवीस दिवस आहेत.” तू मान हलवलीस. तुझ्या मानेवरून मला कधीच कळलं नाही की हो म्हणतोयस की नाही.

मी खोटी म्हटलं त्याचं खरं कारण आज सांगते, कारण सांगायची दुसरी वेळ येणार नाही. पहिल्यापासून माझं म्हणणं बरोबर नव्हतं. पहिल्यांदा मी ताऱ्याचा आग्रह धरला तो आळसापोटी. भाषा तुझ्या डोक्यात असायची, पण प्रोग्रॅम मी लिहायचे, आणि यादी कधी उघडायची नि कधी नाही हे ठरवणारा भाग लिहायचा मला कंटाळा आलेला. तारा असला की ते काम लिहिणाऱ्याच्या गळ्यात. डबा, पोळ्या, शेजारी, हे सगळं मी नंतर चिकटवलं आणि तू त्यावर इतकी वर्षं दर शनिवारी मनापासून वाद घातलास. हे कबूल करायला मला कितीतरी वेळा तोंडात शब्द आले, आणि दर वेळी तू चष्मा पुसायला लागलास की ते आत गेले.

पण हॉस्पिटलात मी चिडले ते यासाठी नाही. मी घाबरले. आयुष्यभर एक इंच न हलणारा माणूस अचानक समोरच्याचं बरोबर होतं म्हणून लिहायला लागतो, तेव्हा तो आवराआवर करत असतो. मला तुझी आवराआवर नको होती. मला वाटलं, मी ‘पाहिलं’ लिहिलं नाही तर कलम उघडं राहील, आणि कलम उघडं आहे म्हटल्यावर तू मुकाट्याने घरी येशील, कारण अर्धवट टाकून उठणं तुझ्या स्वभावात नाही. छप्पन्न वर्षांची बाई मी, नोकरी करते, शिकवते, आणि एका माणसाला दाराशी अडवून धरल्यासारखं एक कलम अडवून बसले. आठवड्यात तू गेलास. नियम मोडून गेलास, एवढंच मला त्या दिवशी सुचत होतं.

तुझ्यावर चिडण्यात मी तेरा दिवस काढले. आज शून्याची मेल आल्यावर मात्र मी आराखड्याचा सगळा इतिहास उघडला, पहिल्या दिवसापासूनचा. प्रत्येक बदल, प्रत्येक कारण आणि खालची नावं. दुपारी जेवण विसरून वाचत बसले. माझ्या प्रत्येक बदलाखाली तुझं ‘पाहिलं’ आहे. त्याच दिवशी, नाहीतर फार तर दुसऱ्या दिवशी. ज्यांच्यावर तू माझ्याशी हमरीतुमरीवर आलेलास, ज्यांना तू वेडेपणा म्हणालेलास, त्यांच्याखालीसुद्धा. आणि तुझ्या बदलांखाली माझं ‘पाहिलं’ फक्त तिथे आहे जिथे मला ते पटलेलं होतं, नाहीतर कंटाळा आलेला होता. उरलेले सगळे रद्द.

मग मला कोलशेतच्या ड्रॉइंगरूममधलं तुझं वाक्य आठवलं. मी नवीन होते, एका ड्रॉइंगवर सही करायला अडून बसलेले, आणि तू म्हणालेलास, “पाहिलं म्हणजे पटलं नव्हे, ज्योती. पाहिलं म्हणजे दुसऱ्या माणसाने डोळे उघडे ठेवून वाचलंय. मत वेगळं असेल तर ते शेजारी लिहायचं.” मला ते तेव्हा पुस्तकी वाटलेलं आणि मी विसरून गेले. सतरा वर्षं तुझा नियम मी चुकीचा वापरला. तू तो दुसऱ्याने वाचावं म्हणून केलेलास, मी तो तुझे बदल अडवायला वापरला. आणि तू एका शब्दाने बोलला नाहीस. बोलायचं ना रे. पोळीवर तू तासन्‌तास बोलायचास, ताऱ्यावर बोलायचास, स्वल्पविरामावर एक अख्खा शनिवार बोललायस. जिथे मला धरून हलवायला पाहिजे होतं तिथे बरोबर गप्प राहिलास, आणि रद्द झालेला बदल उचलून पुन्हा पहिल्यापासून मांडत राहिलास. या तुझ्या सभ्यपणाचा मला इतका राग येतोय की काय सांगू.

चार वाजता मी कलम उघडून ती ओळ खोडली. ‘ज्योतीचं म्हणणं’ वगैरे सगळं काढलं. पाठवायच्या आधी लक्षात आलं की एक अक्षर बदललं तरी तो माझा बदल होतो, आणि त्याला तुझं ‘पाहिलं’ लागतं. ते येणार नाही. एकवीस दिवसांनी तोही रद्द होईल, कलम पुन्हा उघडं पडेल, म्हात्रे आजही करतो तसं खोक्याखोक्यावर यादी हाताने चिकटवत राहील आणि आपलं भांडण कायम चालू राहील. खोटं कशाला बोलू, हे शेवटचं मला थोडा वेळ बरं वाटलं. मग मी ओळ जशीच्या तशी परत टाकली.

साडेचारला शुभदाचा फोन आला. “अगं, आज स्क्रीनवर शून्य दिवस दाखवतोय. काही बिघडणार आहे का?”

“बिघडणार नाही. त्याने शेवटी लिहिलेलं होतं ना, ते निघून जाईल.”

“ते तुझ्या हातात आहे?”

“हो.”

ती म्हणाली, “हॉस्पिटलात तो रोज मला सांगायचा, ज्योतीने पाहिलं का बघ जरा. मी त्याचा लॅपटॉप उघडून बघायचे. मला त्यातलं काही कळत नाही. पण खालची जागा रिकामी आहे एवढं कळायचं. तसं सांगितलं की म्हणायचा, लिहील, तिला वेळ लागतो.” आणि मग घाईने, “मी रागावून नाही सांगत हं.”

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. फोन ठेवून मी रडले. तेराव्याला रडले नव्हते, तुझ्या मेव्हण्याशी बोलत पंगत उठेपर्यंत नीट बसले होते. आज खुर्चीत बसल्या बसल्या रडले आणि रडतानाही मनात हेच की सात दिवस हा माणूस विचारत होता आणि मी त्याला अद्दल घडवत होते. दोन सेकंदांचं काम. मला माफ कर, सुहास. तू म्हणशील त्यात माफीचं काय, आणि चष्मा पुसशील, पण कर.

पावणेसहाला मी कलम सहा पुन्हा पहिल्यापासून वाचलं. डोळे उघडे ठेवून, जसं इतकी वर्षं तू माझं वाचलंस. यादी बंद राहील. तारा असेल तर उघडेल. विसरलात तर भाषा विचारेल. चांगलं लिहिलंयस. म्हात्रेला उद्या सकाळी फोन करीन, सोनालीला शनिवारी दाखवीन. कारणाची ओळही पूर्ण वाचली. ती खोटी आहे आणि आता ती तशीच राहणार. मग खालच्या रिकाम्या जागेत मी लिहिलं, ‘पाहिलं. पटलेलं नाही. ज्योती.’

सहा वाजून गेले. बदल जागेवर राहिला. पाच मिनिटांनी शुभदाचा फोन आला, ती स्क्रीनवरून एकेक शब्द वाचत होती. “पाहिलं. पटलेलं नाही. असंच लिहायचं असतं का गं हे?”

“हो,” मी म्हटलं. “असंच लिहायचं असतं.”

“खूश झाला असता तो.”

खूश वगैरे काही झाला नसतास. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला असतास आणि हळूहळू म्हणाला असतास, अगं, तुझं म्हणणं मला समजतंय. सतरा वर्षं ज्या वाक्याने माझं डोकं फिरायचं, ते मला आज एकदा ऐकायचं होतं.